वळणावर गाड्यांचा वेग मोजताय? या चुका टाळा

‘गाड्या लई जोरात येतेत,’ हे ग्रामसभेत सगळेच सांगतात. मग बांधकाम विभागाकडे अर्ज जातो, गतिरोधकाची मागणी होते आणि अर्जात वेगाचा आकडा मात्र कुठेच नसतो. कुणी हौसेने जोडलाच, तर तो बहुतेक वेळा सरळ रस्त्याच्या पद्धतीने काढलेला असतो. बीड, धाराशिव, लातूर भागात बालाघाटाच्या डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्यांवर ती पद्धत चालत नाही.

सगळ्यात मोठी चूक जागेची. मोजणारे थेट वळणाच्या मध्यावर जाऊन उभे राहतात. तिथपर्यंत चालकाने ब्रेक मारलेला असतो, आकडा ४०-४५ येतो आणि ‘वेग काही फार नाही’ असं ठरतं. खरा प्रश्न असा, की वळण दिसेपर्यंत तो किती वेगाने येत होता आणि त्याला किती कमी करावा लागला? म्हणून दोन ठिकाणी मोजा: वळणाच्या अलीकडे, ब्रेक लागण्याआधीच्या सरळपट्टीवर, आणि वळणाच्या मध्यावर. दोन्हींतला फरक ताशी १० किमीच्या आत असेल तर रस्त्याची आखणी ठीक. २० च्या वर गेला तर वळण चालकाला फसवतंय, असं रस्ते अभियांत्रिकीत मानतात. फरक त्याच गाडीचा काढायचा, हे महत्त्वाचं. सकाळी सरळपट्टीवर शंभर गाड्या आणि दुपारी वळणात दुसऱ्याच शंभर मोजून सरासऱ्यांची वजाबाकी केली, तर जोरात येऊन कचकन ब्रेक मारणारा त्यात दिसतच नाही. दोन माणसं लावा, गाडीचा प्रकार आणि नंबराचे शेवटचे आकडे लिहा, संध्याकाळी जोड्या लावा.

रडार गन, म्हणजे गाडीवर रोखून वेग दाखवणारं हातातलं यंत्र, मिळाली म्हणजे काम झालं, हा दुसरा गैरसमज. गन फक्त आपल्या रेषेत येणारा किंवा दूर जाणारा वेग ओळखते. गाडीची दिशा आणि गनची रेषा यांत १० अंशांचा कोन असेल तर आकडा दीड टक्क्याने कमी येतो, २० अंशांना ६ टक्क्यांनी, ३० अंशांना १३ टक्क्यांनी. म्हणजे खरे ६० असतील तर गन ५२ दाखवणार. वळणावर हा कोन क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे गाडीचा वेग कायम असला तरी आकडा हलत राहतो. उपाय एकच: मोजायच्या जागी गाडीचं तोंड जिकडे असेल, त्या रेषेत उभं राहायचं. पण ही रेषा वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते, आणि ताबा सुटलेली गाडीही तिकडेच जाते. साइडपट्टीवर उभं राहू नका. मागे, शेताच्या बांधापलीकडे जा.

स्टॉपवॉचवर, म्हणजे रस्त्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर गाडी किती सेकंदांत कापते यावरून, मोजणाऱ्यांनी ते अंतर नीट ठरवावं. वेग ४० च्या आत असेल तर २७ मीटर, ४० ते ६५ ला ५४ मीटर, त्याहून जास्त असेल तर ८१ मीटर, असा आपल्याकडचा प्रघात आहे. ५४ मीटरला १९४.४ ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर ६५ चा वेग ६१ किंवा ७० दिसतो. वळणावर आणखी एक भानगड होते. टेप एका रेघेपासून दुसरीपर्यंत सरळ ताणला जातो. ६० मीटर त्रिज्येच्या वळणात असे ५४ मीटर धरले, तर गाडी प्रत्यक्षात ५६ धावते. टेप लेनच्या मधोमध, वळणाबरोबर फिरवत टाका आणि फक्कीच्या रेघा रस्त्याला काटकोनात मारा. एका टोकाला उभं राहून दुसरी रेघ तिरकी बघू नका. तिथे दुसरा माणूस हवा.

मोबाइलच्या व्हिडिओवरून फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) मोजून वेळ काढणाऱ्यांनी आधी बघावं, की फ्रेमचा दर स्थिर आहे का. बऱ्याच मोबाइलमध्ये तो बदलत राहतो.

आता गाड्यांकडे. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे आणि मागे एसटी, छोटा हत्ती, चार मोटारसायकली अशी रांग असते. त्या रांगेचा वेग हा ट्रॅक्टरचा वेग. फक्त रांगेतली पहिली आणि मोकळी धावणारी गाडी धरा. ट्रॅक्टर वेगळे मांडा, नाहीतर सरासरी खाली येते आणि तुमच्याच अर्जाची हवा निघते. तसंही अर्जात सरासरीपेक्षा ८५ टक्क्यांचा वेग लिहावा: शंभर वेग चढत्या क्रमाने लावून पंचाऐंशीवा उचलायचा. शंभरच्या आसपास गाड्या पुरतात. बाजाराचा दिवस टाळा. चमकणारं जॅकेट घालून गन रोखून उभे राहिलात, तर चालक पोलीस समजून आधीच हळू होणार.

वेग कशाशी ताडायचा, हे मात्र बहुतेकजण विसरतात. तो वळणाला झेपणाऱ्या वेगाशी ताडायचा, आणि त्यासाठी वळणाची त्रिज्या हवी. वळणाच्या आतल्या कडेला, डांबराच्या दोन बिंदूंमध्ये २० मीटर दोरी ताणा; ती रस्त्याबाहेरच राहते, वाहतूक अडत नाही. दोरीच्या मध्यापासून डांबराच्या कडेपर्यंत ८३ सेंटिमीटर भरले, तर त्रिज्या सुमारे ६० मीटर. अशा वळणाला ७ टक्के बाहेरून आत उतार असेल तर हिशेबाने ताशी ४१ किमी झेपतात. उतारच नसेल तर ३४. डांबराचे थर चढून चढून हा उतार गेलेला असतो, तोही तपासा.

मोजणीत सरळपट्टीवर ७० आणि वळणात ४५ निघाले, तर गतिरोधक मागू नका, निदान वळणाच्या पोटात तरी नकोच. तिथे मोटारसायकल घसरते. अलीकडे वळणाची पाटी, वळणावर बाणांचे फलक, नजर अडवणाऱ्या बाभळींची छाटणी आणि गेलेला उतार परत, एवढं लिहा. सोबत दोन्ही जागांचे वेग, तारीख, वेळ आणि त्रिज्येचं माप जोडा.