टीव्हीखाली मावणारा, आवाज न करणारा पीसी

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या बाजूला, बांधकामांची धूळ घरात येतच राहते. त्यामुळे पीसीची स्लिम केस, म्हणजे बाहेरचा चपटा डबा, घेताना जाळीचा फिल्टर काढून धुता येतो का, ते आधी बघा.

प्रोसेसर इंटेल आय३-१२१०० पुरेसा आहे. त्याचा अंगभूत ग्राफिक्स एव्ही१ या प्रकारात दाबून साठवलेले व्हिडिओ स्वतः उलगडतो, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा, म्हणजे १७ बाय १७ सेंमी. त्याचं एचडीएमआय पोर्ट २.० आहे याची खात्री करा. १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमवरच अडकतं, आणि मग लोक उगाच केबल बदलत बसतात.

खरा कस प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा लागतो. नॉक्टुआ एनएच-एल९आय-१७एक्सएक्स हा कूलर पंख्यासकट ३७ मिमी उंच आहे. केसमधली मोकळी उंची त्याहून थोडी जास्तच हवी. झाकणाची जाळी पंख्याला अगदी चिकटली तर हवा घुसताना घरघर येते, आणि दोष पंख्याचा वाटतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आलटूनपालटून आवळा.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पीएल१ ची (प्रोसेसरने सतत किती वीज घ्यायची त्याची) मर्यादा ४५ वॅटच्या आसपास ठेवा. सिनेमा बघताना फरक कळणार नाही. प्रोसेसरचं तापमान ६० अंशांवर जाईपर्यंत पंख्याचा वेग एकसारखा ठेवा, नाहीतर तो सतत वर-खाली होतो आणि कानाला तेच जास्त खुपतं. फिरणारी, आवाज करणारी हार्ड डिस्क नकोच, थेट मदरबोर्डवर बसणारी एम.२ एसएसडी बसवा.

टीव्ही युनिटची पाठ बंद असेल तर गरम हवा बाहेर जायला मागे भोक पाडून घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत जाळीवर धूळ चिकटून बसते, त्यामुळे त्या दिवसांत फिल्टर महिन्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा.