काल येत होतं, पेपरात का आठवत नाही? दहावीच्या अभ्यासातल्या या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या खानापूर भागात दहावीच्या मुलांना शिकवताना एक तक्रार दरवर्षी ऐकतो: "सर, काल सगळं येत होतं, पेपर हातात आला आणि काहीच सुचेना." मूल खोटं बोलत नसतं. काल पुस्तक समोर उघडं होतं, म्हणून येतंय असं वाटलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोच धडा चार-चारदा वाचणं. वाक्यं ओळखीची होतात आणि पाठ झाल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं, तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, आणि एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून एकदा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा. राहिलेलं नंतर लाल पेनानं भरा. अडखळायला होईल, पण तिथंच धडा पक्का होतो.

कन्नडचं दुखणं वेगळं. मराठी शाळेतली आपली मुलं कन्नड शब्दांवर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहितात. मग डोळा तिकडंच जातो, कन्नड अक्षर बघितलंच जात नाही. शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. ऱ्हस्व ओचा 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ ओचा म्हणजे शिंग. आपल्या वहीत दोन्ही सारखेच दिसतात! ते उच्चार खोडून टाका. रोज पाचच शब्द घ्या, मराठी अर्थ बघून कन्नड अक्षरांत लिहा. चुकलेला शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा लिहा. शिकल्यावर सुरुवातीलाच विसरणं सगळ्यात वेगानं होतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलंय. त्यामुळं पहिली उजळणी रविवारवर ढकलू नका.

गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवू नका, प्रकार मिसळा. आणि पेपरच्या आदल्या रात्री जागरण नको. वाचलेलं झोपेतच मुरतं.

आईवडिलांना एक विनंती. मोठ्यानं वाचल्याचा आवाज आला नाही की आपण ओरडतो. पुस्तक मिटून आढ्याकडं बघत बसलेलं मूल कदाचित आठवत असेल. त्या वेळी त्याला दूध आणायला पाठवू नका.