जुन्या अमेरिकी चित्रकाराची पत्रे संस्थेच्या दप्तरात शोधावीत

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी चित्रकाराचे नाव अभिलेखागाराच्या शोधपेटीत टाकले की पुष्कळदा काहीच हाती लागत नाही, कारण त्याची पत्रे त्याच्या नावाने नव्हे, तर ज्या कलासंस्थेला त्याने ती लिहिली तिच्या आवक पत्रव्यवहारात लावलेली असतात.

1. आधी संस्था ठरवावी. उदाहरणार्थ, चित्रकार जॉर्ज केलेब बिंगहॅम यांच्यासाठी अमेरिकन आर्ट-युनियन (चित्रे विकत घेऊन ती सभासदांत सोडतीने वाटणारी न्यूयॉर्कमधील संस्था) पाहावी. तिचे दप्तर न्यूयॉर्क हिस्टॉरिकल (पूर्वीची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) या संग्रहालय-ग्रंथालयाकडे आहे.

2. संस्थेचे आधीचे नावही शोधावे. हीच आर्ट-युनियन 1844 पूर्वी अपोलो असोसिएशन होती. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी सुरुवातीची वर्षे त्यांच्या हातून निसटतात.

3. संग्रहाची सूची उघडून पत्रव्यवहाराचे खोके व वर्ष पाहावे आणि त्या वर्षाचे कागद क्रमाने चाळावेत. खोके व फोल्डर यांचे क्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेवावेत.

4. नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन या न्यूयॉर्कमधील कलाकारांच्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनांच्या सूचींत चित्रकारांचे पत्ते छापलेले असत. पत्र कोठून आले हे त्यांच्याशी ताडून पाहिले, तर तारीख नसलेल्या पत्राचाही काळ बराच आवळता येतो, आणि मला तरी यासारखे भरवशाचे दुसरे साधन आढळलेले नाही.

सावधगिरी एकच: त्या काळी एकाच चित्राचे शीर्षक वेगवेगळ्या ठिकाणी निराळे लिहिले जाई, म्हणून आकार किंवा मालकाचे नाव जुळल्याशिवाय केवळ शीर्षकावरून चित्राची ओळख पक्की करू नये.