ब्रेकचं पेडल तळाला गेलं तेव्हा

पुण्याबाहेर मातीच्या मैदानावर शनिवार-रविवार हौशी ऑटोक्रॉस, म्हणजे आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळेशी शर्यत, होतं. आम्ही चौघे मित्र, गाडी एकच. एक उतरला की दुसरा बसायचा, गाडीला गार व्हायला उसंतच नव्हती. माझ्या फेरीत शेवटच्या वळणावर पेडल मऊ पडलं आणि जवळजवळ तळाला टेकलं. दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागला. छातीत धस्स झालं.

पंप केल्यावर पेडल वर येतं, गळती कुठेच नाही, म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये ऑइल उकळून वाफ झालेली; वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर ऑइल कोऱ्या चहासारखं. चार वर्षं बदललंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५.

संध्याकाळी नाना पेठेतून डॉट ४ ची सीलबंद बाटली आणली. एक मित्र पेडलवर, मी चाकाजवळच्या निपलला (ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून खाली. "दाब... धरून ठेव!" निपल सैल, बुडबुडे बाहेर, निपल घट्ट, मगच पाय वर. हा क्रम चुकला की हवा परत आत. चारही चाकं केली, टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही. सांडलेलं लगेच पाण्याने धुतलं, ते रंग खातं.

रविवारी दर फेरीनंतर दहा मिनिटं थांबलो. गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड, तापलेले ब्रेक दाबून राहू नयेत म्हणून हँडब्रेक मोकळा. पेडल शेवटपर्यंत कडक राहिलं, आणि शनिवारी सर्वात घाबरलेल्या मित्राने आमच्यातली सर्वोत्तम वेळ दिली.