अर्ज भरायला निघण्याआधी

जेसीबीतून फुलं उधळायची व्यवस्था कार्यकर्ते करतीलच. विधानसभेला उभं राहायचं तर तुम्ही आधी फाइल लावा. मतदारयादीत स्वतःचं नाव शोधून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. नाव दुसऱ्या मतदारसंघात असलं तरी चालतं, फक्त त्या यादीचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि सूचक त्याच मतदारसंघातला मतदार हवा. दहा ठरले तरी वर दोघे-तिघे तयार ठेवा. ऐनवेळी एखाद्याला समोरच्या गटातल्या मेव्हण्याचा फोन येतो आणि तो गावाला निघून जातो.

अर्जाचे चार संच देता येतात, ते द्याच. एकात चूक निघाली तर दुसरा तारतो. अनामत मात्र एकदाच: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००.

खरा वेळ द्यायचा तो नमुना २६ च्या शपथपत्राला. सातबारा, सोनं, कर्ज, थकबाकी, जोडीदाराची मालमत्ता, गुन्हे, सगळं त्यात येतं. सीए आणि वकील दोघांना शेजारी शेजारी बसवा, नाहीतर दोघांचे आकडे वेगळे येतात. एकही रकाना कोरा सोडू नका; काही नसेल तिथं ‘निरंक’ लिहा. सूचना मिळूनही रकाना कोराच राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो.

पक्षाचं तिकीट म्हणजे हातात आलेला एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच अधिकृत उमेदवार असं पक्षाचं लेखी पत्र, नेत्याचा शब्द नव्हे. शाईच्या सहीची मूळ प्रत शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचली पाहिजे, व्हॉट्सॲपवरचा फोटो कामाचा नाही. २०२४ साली तो दिवस २९ ऑक्टोबर होता, नेमकी धनत्रयोदशी. अर्ज दिल्यावर उमेदवाराची राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ घ्यायची राहते, आणि मिरवणुकीच्या गडबडीत हीच विसरते. छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती उरका.

निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. खर्चाची मर्यादा ४० लाख. मंडप, गाड्या, वडापाव, सगळं रोजच्या रोज वहीत चढवा, आणि त्यासाठी भाषणाची हौस नसलेला माणूस निवडा. पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आहे ना, हे छापून घेण्याआधीच बघा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. सबळ कारणाशिवाय तो चुकला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेल्यांनाही हा नियम आहे.

बूथचे प्रतिनिधी आठवडाभर आधी पक्के करा. मतदानाच्या पहाटे अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाला, ते हजर हवेत. संध्याकाळी नमुना १७-सी ची, म्हणजे बूथवर झालेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय कुणी बूथ सोडायचा नाही, जेवण कितीही थंड होवो.