क्लासिक कार शोमधला लकी ड्रॉ: पैसे कुठे गळतात आणि भांडणं कुठे लागतात

फंड जमवायला कार शोमध्ये लकी ड्रॉ ठेवतात आणि दिवसभर तिकिटं बऱ्यापैकी खपतात पण, मग संध्याकाळी स्टेजवरून कोणीतरी घसा फोडून नंबर पुकारतंय आणि समोर घ्यायलाच कोणी नाही, असं बऱ्याच शोमध्ये होतं. माइकला किंवा नशिबाला दोष देऊ नका, टायमिंग चुकलेलं असतं.

शो बघायला येणारा माणूस दोन-तीन तास फिरतो, फोटो काढतो आणि घरी जातो. गाडी घेऊन आलेला मात्र सकाळपासून गाडीमागे फोल्डिंग खुर्ची टाकून बसलेला असतो कारण ट्रॉफी मिळेपर्यंत त्याला कुठे जायचं नसतं. बहुतेक कमिटी काय करते, तिकिटं सगळ्यांना विकते आणि सोडत ठेवते एकदम शेवटी, ट्रॉफ्यांच्या नंतर. तोवर बघे गेलेले, आणि ट्रॉफ्या वाटल्या रे वाटल्या की गाडीवाले इंजिनं चालू करतात, मग त्या आवाजात माइकवरचं कोणाला काय ऐकू येणार! त्यात ‘हजर असेल त्यालाच बक्षीस’ असा नियम असेल तर पाच-सहा नंबर वाया जातात आणि ज्यांची तिकिटं अशी बाद झाली ते पुढच्या वर्षी तिकीट घेत नाहीत. यावर उपाय म्हणजे छोटी बक्षिसं दर तासाला काढा, मोठं बक्षीस ट्रॉफ्यांच्या आधी काढा आणि तिकिटाच्या आपल्याकडे राहणाऱ्या अर्ध्या भागावर फोन नंबर लिहून घ्या, म्हणजे हजर असायची अटच नको. विजेते नंबर गेटजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले तर निघालेला माणूससुद्धा एकदा खिसा चाचपून बघतो.

तिकीट विकायला गेटवर टेबल टाकून बसणं ही दुसरी चूक. गेटवर माणूस पार्किंग, पोरं, एंट्रीचे पैसे यात गुंतलेला असतो. टेबल असू दे, पण दोन जणांना पैशाचा पाऊच कमरेला बांधून गाड्यांच्या रांगांमधून फिरवा. तो खुर्चीवर बसलेला, कंटाळलेला गाडीमालक तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आहे, फक्त आधी दोन मिनिटं त्याच्या गाडीबद्दल ऐकून घ्यावं लागतं (दोन मिनिटांत तो थांबत नाही ही गोष्ट वेगळी). क्यूआर कोडच्या भरवशावर पूर्ण राहू नका, गर्दीच्या मैदानात नेटवर्क बसलं की विक्री बसली, म्हणून सुट्टे पैसे जवळ ठेवाच.

अमेरिकेत हातभर तिकिटं विकायची एक पद्धत आहे, विकणारा दोन्ही हात पसरतो आणि तेवढी लांब पट्टी ठरलेल्या एका किमतीत देतो. मजा येते, लोक मुद्दाम लांब हाताचा विक्रेता शोधतात. पण हिशोबाला हे प्रकरण वैताग आहे आणि सगळीकडे चालतही नाही. ब्रिटनमध्ये छोट्या संस्थांच्या लॉटरीत प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच असावी लागते, म्हणजे तिथे ‘पाच घ्या, सहावं फुकट’ सुद्धा गेलं.

आता खरी भांडणाची जागा. दुहेरी तिकिटांचे (एक भाग गिऱ्हाइकाला, त्याच नंबरचा दुसरा ड्रमात) दोन रोल एकाच रंगाचे घेतले आणि दोन्हींवर सारखेच आकडे निघाले, आता ४५७ पुकारल्यावर दोघं जण हात वर करून येतात आणि दोघांचीही तिकिटं खरी असतात. रोल वेगवेगळ्या रंगाचे घ्या, पुकारताना आधी रंग मग नंबर, आणि प्रत्येक विक्रेत्याला दिलेला पहिला नंबर आणि शेवटी उरलेला नंबर वहीत लिहा, पैसे तिथेच जुळतात. घोळ आधीच झाला असेल तर कमिटीच्या तंबूत बसून निकाल लावू नका. दोघांनाही स्टेजवर बोलवा आणि सगळ्यांसमोर त्या दोघांतच परत चिठ्ठी काढा.

तिकिटं टाकून फिरवायच्या ड्रमचंही तसंच. गर्दीत तिकिटं सुटी न करता पट्टीच्या पट्टी आत टाकतात, मग हातात एकदम आठ येतात आणि ओढणारा त्यातलं एक निवडतो, इथे संशय सुरू. प्रत्येक तिकीट वेगळं फाडा आणि ड्रम गच्च भरू नका, नाहीतर कितीही फिरवला तरी सकाळची तिकिटं तळालाच बसून राहतात. मैदानात वारा असतो, झाकण घट्ट पाहिजे. आणि कमिटीवाल्यांनी व त्यांच्या घरच्यांनी तिकीट घेऊच नये, ड्रॉ कितीही सरळ असला तरी अध्यक्षांच्या मेव्हण्याला बक्षीस लागलं की संपलं.

बक्षिसं दान मिळतात म्हणून काहीही घेऊ नका. बॅटरी चार्जर छान दिसतो, पण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवर होत्या, त्या मालकाला फक्त १२ व्होल्टचा चार्जर देऊन काय उपयोग? टायरचंही तेच, साइज बसली नाही की पडून राहतात. पॉलिश, चांगली टूलकिट, गाडीचं कव्हर हे बरं, कव्हरमध्येही साइज बदलून मिळेल असं दुकानदाराकडून आधीच लिहून घ्या.

कायद्याकडे मात्र ‘चॅरिटीसाठीच तर आहे’ म्हणून काणाडोळा नको. अमेरिकेत हवाई आणि युटा या राज्यांत असा तिकिटांचा ड्रॉ बेकायदाच आहे. कॅलिफोर्नियात आधी नोंदणी लागते आणि जमलेल्यातले किमान ९० टक्के पैसे धर्मादाय कामाला जावे लागतात, त्यामुळे निम्मे पैसे विजेत्याला देणारा लोकप्रिय फिफ्टी-फिफ्टी ड्रॉ तिथे साध्या कार क्लबला करता येत नाही. ब्रिटनमध्ये कार्यक्रमातच होणाऱ्या अशा सोडतीला लायसन्स लागत नाही, पण तिकिटं फक्त कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायची आणि जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० पौंडांच्या वर खर्च नाही. दान आलेल्या बक्षिसांना ही मर्यादा लागत नाही. अमेरिकेत तिकिटावर ‘देणगी’ छापून करसवलतीचं आमिष दाखवू नका, तिथे अशा तिकिटाच्या पैशावर देणगीची वजावट मिळत नाही.

आणि बक्षीस म्हणून गाडीच ठेवणार असाल तर तिकीट छापायच्या आधी टॅक्सचं बघा. अमेरिकेत बक्षिसाची किंमत, तिकिटाचे पैसे वजा करून, ५,००० डॉलरच्या वर गेली की चावी द्यायच्या आधी २४ टक्के कर विजेत्याकडून घ्यावा लागतो. तो संस्थेने स्वतः भरायचा ठरवला तर दर ३१.५८ टक्के होतो. संस्था भरणार नसेल तर जिंकलेल्या माणसाला आनंदाच्या भरात आधी खिशातून मोठी रक्कम काढावी लागते, आणि त्याच्याकडे ती नसेल तर गाडी तुमच्याच शेडमध्ये उभी राहते. म्हणून हे तिकिटावर छापा, मालकीचे कागद आधीच संस्थेच्या नावावर करून घ्या, आणि ड्रॉच्या सकाळी गाडी एकदा स्टार्ट करून बघा. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी नुसती उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि बॅटरी बसते, मग विजेता आत बसून फोटोसाठी चावी फिरवतो आणि नुसतं टक-टक.