गाडी सुरू होत नाही? सेल्फ मारत बसण्याआधी या चुका टाळा

सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात बॅटरीची झीज होते, पण ती तेव्हाच कळत नाही. उष्णतेने आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. बॅटरी दगा देते ती डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि दाट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) जास्त करंट लागतो. त्यामुळे ‘काल तर चांगली चालू होत होती’ म्हणून बॅटरीला निर्दोष ठरवू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सलग सेल्फ मारत राहणं. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. नाहीतर उरलीसुरली बॅटरी उतरते आणि स्टार्टरची वाइंडिंग तापते. त्यापेक्षा आवाज ऐका. भराभर ‘कट-कट-कट’ येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडायची जागा) सैल आहे. एकच ‘टक्’ येऊन हेडलाइट तसाच लख्ख राहिला, तर संशय सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) किंवा स्टार्टरच्या कार्बन ब्रशवर. इंजिन जोमात फिरतंय पण पकडत नाही, तेव्हा बॅटरी बदलून उपयोग नाही. दोष पेट्रोल, स्पार्क किंवा इमोबिलायझरमध्ये (किल्ली ओळखून गाडी सुरू होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) शोधायचा. मीटरवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर आधी दुसरी किल्ली लावून बघा. आवाजच नसेल तर क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, हे पाहा, मग टर्मिनल हलवून बघा.

साधा मल्टिमीटर जवळ असला की अंदाजपंचे काम थांबतं. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली बॅटरीही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर तिचे दिवस भरलेत. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, १२.५ च्या आसपासच राहिले तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंवा त्याचा बेल्ट तपासा. चालू गाडीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘चेक’ करण्याची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ते कोणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.

पुणे-हैदराबाद हायवेवर गाडी बंद पडली की मदतीला हमखास ट्रकच थांबतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते, कारची १२ ची. ड्रायव्हर कितीही मायेने म्हणाला तरी तिथून जंप (वायरी जोडून दुसऱ्या बॅटरीचा करंट) घेऊ नका. दुसरी कार येईपर्यंत थांबा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. मदतीची गाडी ५ मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. वायरी उलट क्रमाने काढा.

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर दगडाने ठोकू नका, बॅटरीचा खांब आतून तुटतो. १० नंबरच्या पान्याने आधी मायनस काढा, मग प्लस. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, आधी प्लस जोडा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. झाकण उघडून पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या खुणेपर्यंतच. बोअरचं पाणी नको, बाटलीबंद मिनरल वॉटरही नको. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

धक्का स्टार्ट ऑटोमॅटिक आणि एएमटी (आपोआप गिअर बदलणाऱ्या, क्लच पेडल नसलेल्या) गाड्यांना चालत नाही. पेट्रोल गाडीतही वारंवार केलं तर न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधलं धूर स्वच्छ करणारं यंत्र) जाऊन तो खराब होतो.

डिझेलवाल्यांनी थंडीत मीटरवरचा पिळाच्या (स्प्रिंगसारख्या) चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. टाकी पूर्ण कोरडी पडली असेल तर नुसतं डिझेल भरून भागत नाही, लाइनमध्ये हवा धरते. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. नसेल तर मेकॅनिककडून हवा काढून घ्या.